मधला पिकअप

गिटारीतली भुणभुण येत्या रविवारपर्यंत गेली तर गिटार गणपतीच्या आगमनाला येईल, नाहीतर गिटार घरी बसेल आणि तिचं काम की-बोर्ड करेल, असं कुशाबा परबांनी अख्ख्या पथकासमोर जाहीर केलं. मग घरी येऊन त्याच गिटारवालीच्या हातचं काळ्या वाटाण्याचं सांबार दोनदा मागून घेतलं आणि वर मीठ बरोबर पडल्याची पावतीही दिली. माणूस असा होता. घरात सासरा, पथकात मास्तर, आणि या दोघांची एकमेकांशी साधी तोंडओळखसुद्धा नव्हती.

गिटारवाली म्हणजे सुरुची, त्यांची सून. ठाकूरद्वारच्या वाडीतली, आजोबांपासून सगळे कारकुनीत मुरलेले अशा घरातली, स्वतः विमा कंपनीत नोकरीला. कॉलेजात असल्यापासून इलेक्ट्रिक गिटार वाजवायची. माहेरी त्याला 'सुरूचा नाद' म्हणत आणि लग्नानंतर तो आपोआप सुटेल अशी सगळ्यांची समजूत होती. तर लग्न झालं ते थेट काळाचौकीच्या 'जय भैरी बेंजो पथका'च्या घरात. आता बोला. तिच्या आईने कपाळाला हात लावला तो अजून पुरता काढलेला नाही.

बेंजो म्हणजे लाकडी पेटीवर ताणलेल्या तारा; डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्या हाताने तार छेडायची. बाकीच्या जगाचं काय असेल ते असो, लालबाग-परळात तो वाजल्याशिवाय हळद लागत नाही आणि गणपती जागचा हलत नाही. कुशाबा तो चाळीस वर्षं वाजवत होते. गिरणी होती तेव्हा पाळी संपवून वाजवत; गिरणी गेली तेव्हा तेवढाच हातात राहिला, आणि त्यावर त्यांनी संसार केला, पोराला शिकवलं. त्यामुळे त्या पेटीला घरात कुणाचा पाय लागलेला चालत नसे, आणि तिच्याबद्दल वाकडा शब्द काढायची कुणाची छाती नव्हती.

सुरुची पथकात शिरली ती एका भाचीच्या हळदीला. की-बोर्डवाल्याला ताप भरला होता आणि तिचा नवरा स्वप्नील, जो पथकात ऑक्टोपॅड, म्हणजे काड्यांनी वाजवायचा विजेवरचा ढोल, वाजवतो, जीव मुठीत धरून बापाला म्हणाला की हिला बसवून बघूया. कुशाबांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही, नुसती मान हलवली. तिने वाजवलं. दुसऱ्या दिवशी चहा पिताना ते आपल्या बायकोला, शांताबाईंना म्हणाले, सूनबाईला सांग, मंगळवारी तालमीला ये. सूनबाई समोरच बसली होती, बशीत बिस्किट बुडवत.

त्या मंगळवारपासून सुरुचीला जे सुख लागलं ते तिने आधी चाखलेलं नव्हतं. कॉलेजातल्या मित्रांबरोबर ती बंद खोलीत वाजवायची. वाजवणारेही तेच, ऐकणारेही तेच, आणि शेवटी सगळे एकमेकांना 'मस्त' म्हणून घरी जायचे. इथे रस्त्यावर तिने एक तान घेतली की तिसऱ्या मजल्यावरची म्हातारी तांदूळ निवडता निवडता सूप बाजूला ठेवून गॅलरीत नाचायची. एवढं मिळाल्यावर परत बंद खोलीत कोण जाईल? गणपतीच्या आगमनाला परळच्या कारखान्यातून मूर्ती बाहेर पडते तेव्हा टेम्पोवर, सासऱ्याच्या शेजारी, आपण उभं असावं एवढीच तिची इच्छा होती. आणि ती इच्छा रविवारच्या दोरीला टांगली गेली.

झालं होतं असं, की यंदा पथकाने जुने भोंगे काढून टाकले आणि चांगले पुरुषभर उंचीचे बॉक्स स्पीकर घेतले. त्याच सुमारास सुरुची आली. आणि त्याच सुमारास वाजवायचं थांबलं की स्पीकरमधून भुणभुण ऐकू येऊ लागली, बरणीत भुंगा अडकावा तशी. नवीन काय आलं, याचा कुशाबांनी विचार केला. स्पीकर त्यांनी स्वतः पसंत केले होते, तेव्हा स्पीकरकडे बोट जायचा प्रश्नच नव्हता. राहिली गिटार.

आणि खोटं का बोला, गिटार भुणभुणत होतीच. सुरुचीलाही ते माहीत होतं. तिने दुसऱ्याच दिवशी ऑफिसातून अर्धा दिवस घेतला आणि गिटार पाठीला लावून ठाकूरद्वार गाठलं.

तिथे वाडीच्या जिन्याखालच्या खोलीत तिचा कॉलेजातला मित्र पुष्कर गिटारी दुरुस्त करतो. त्याने गिटार टेबलावर आडवी घातली, तारांखाली बसवलेल्या तीन काळ्या पट्ट्यांवर बोट आपटलं आणि म्हणाला की तुझे पिकअप बदलावे लागतील. पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याला गुंडाळलेली केसाएवढी तांब्याची तार. वरची तार हलली की तो ते स्पीकरला सांगतो. पण हे जुन्या धाटणीचे पिकअप एक नंबरचे चुगलखोर. ट्यूबलाइटचा चोक असो, पंखा असो, मोटार असो, आसपास जे काही विजेवर चालतं त्या सगळ्याची चुगली ते स्पीकरकडे करतात. त्यावर उपाय म्हणजे दोन गुंडाळ्यांचे पिकअप. एकीने चुगली केली की दुसरी उलटी चुगली करते, आणि दोघींचं भांडण होऊन बाहेर शांतता.

पुष्करने दोन सेट समोर ठेवले. एकेका सेटमध्ये तीन पिकअप: एक मानेपाशी, एक मधे, एक तारा अडकवतात तिथे. पहिल्या सेटला तो जाडा म्हणायचा, कारण त्याचा आवाज जाड. दुसरा पट्टीवाला; त्याच्या डोक्यावर नेहमीच्या सहा गोल खिळ्यांऐवजी दोन सलग पट्ट्या, म्हणजे तार कुठूनही गेली तरी त्याच्या तावडीत. दोन्ही त्याने आपापल्या प्लेटवर बसवूनच दिले, की स्क्रू काढा, प्लेट बदला, दोन वायरी जोडा. मात्र जो घेशील तो अख्खा घे, असं त्याने बजावलं. एका सेटचे तिघे एका हाताने, एकाच तारेतून गुंडाळलेले असतात आणि त्यांचा आवाज एकमेकांना धरून असतो. सेट फोडणाऱ्या गिऱ्हाइकाला तो दारातूनच परत पाठवतो. सुरुची हो म्हणाली. तिला तरी सेट कशाला फोडायचा होता?

आता प्रश्न असा, की हे पारखायचे कुठे? घरात सगळेच पिकअप गुणी वाटतात. शांताबाई भाजी चिरता चिरता म्हणाल्या, गंगुबाईकडे जा.

गंगुबाईचा लालबागला मसाल्याचा डंक आहे. मिरच्या, धणे, खडा मसाला घेऊन जायचं आणि मुसळांखाली कुटून आणायचं. गणपतीला गावी जाणाऱ्यांची शेवटची घाई चालू होती, डंक दिवसभर धडधडत होता. शांताबाईंचं म्हणणं, तिथे मोटार सुरू झाली की गंगुबाईच्या रेडिओवर बातम्या बंद आणि भुंगा चालू. मुंबईत याहून वाईट जागा मिळायची नाही. सासूचं डोकं चालतं ते असं. सुरुचीला हसूही आलं आणि पटलंही.

दुसऱ्या दिवशी दोघी निघाल्या. सुनेच्या पाठीला गिटार, सासूच्या पिशवीत छोटा अ‍ॅम्प्लिफायर आणि वर, रिकाम्या हाताने जायचं कसं म्हणून, मिरच्यांची पुडी. गंगुबाईने गिटारकडे बघून हिचं काय कुटायचं असं विचारलं. मग काम कळल्यावर मात्र तिने भिंतीवरचा प्लग मोकळा करून दिला आणि धण्यांचं पोतं बसायला पुढे सरकवलं.

पारख झाली ती शिंकांच्या साथीत. सुरुची एक सूर वाजवायची आणि तीन शिंका द्यायची. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि त्यातून कान टवकारून ऐकायचं. आधी तिचे जुने पिकअप लावून बघितले, तर मोटार फिरताच अ‍ॅम्प्लिफायर असा बोंबलला की मसाल्याला आलेल्या बायका दोन पावलं मागे सरल्या. जाड्याने ती बोंब बंद केली, पण गिटार तोंडात भाताचा घास ठेवून बोलावं तशी बोलायला लागली. मग तिथेच पोत्यावर बसून तिने प्लेट बदलली. पट्टीवाल्यावर तार छेडली आणि सूर टणकन उठला. हात ठेवला आणि सूर थांबला. डंक धडधडत होता, मोटार गरगरत होती, आणि अ‍ॅम्प्लिफायर मात्र गप्प. सुरुचीच्या अंगावर काटा आला. हाच आपला आवाज, असं तिला अगदी आतून वाटलं. जिरं कुटायला आलेल्या एका बाईंनी न विचारता निकालही देऊन टाकला की हा बरा, मघाचा सर्दी झाल्यासारखा बोलत होता.

घरी येताना दोघींनी भजी खाल्ली. सुरुची रस्त्याने गुणगुणत होती, आणि शांताबाई तिला पुन्हा पुन्हा विचारत होत्या की आता टेम्पोवर साडी नेसणार की ड्रेस.

बुधवारी तालीम होती, मंडळाच्या पत्र्याच्या शेडमध्ये. सुरुचीने ऐटीत वायर लावली. एक गाणं झालं, फक्कड झालं, आणि थांबल्यावर स्पीकरमधून तोच भुंगा. कुशाबांनी मान तिरकी केली, डोळे मिटले, आणि म्हणाले, "आहेच." बस, एवढंच. पथकातले सगळे आपापल्या चपलांकडे बघायला लागले.

सुरुचीला काही सुचेना. डंकावर मुकी झालेली गिटार इथे कशी बोलते? पुढच्या गाण्याच्या आधी तिने हळूच गिटारचा आवाज पूर्ण बंद केला. भुणभुण चालूच. मग तिने वायरच उपटली. भुणभुण चालूच. तेव्हा तिने डोळे वर केले, आणि तिची नजर हार-कुंकू वाहिलेल्या त्या लाकडी पेटीवर जाऊन थांबली. ऑक्टोपॅडमागून स्वप्नील तिच्याकडेच बघत होता आणि इतक्या बारीक मानेने 'नको' म्हणत होता की बायकोशिवाय कुणाला ते दिसलं नसतं.

घरी आल्यावर, कुशाबा अजून खाली मंडळात होते तोवर, तिने त्याला स्वयंपाकघरात गाठलं. तुला माहीत होतं? स्वप्नीलने आधी मान खाजवली, मग पाणी प्यायला, मग कबूल झाला. माहीत सगळ्यांनाच होतं. बेंजोतला पिकअप पहिल्यापासून भुणभुणायचा, पण भोंगे असे की त्यांना खालचा आवाज काढताच येत नव्हता. भोंग्यातून निघायची ती फक्त किंचाळी. नवे स्पीकर पाताळातलंही वर काढतात. मग कुणी सांगितलं का नाही? तर त्याने राजेशचं उदाहरण दिलं. ढोलकीवाल्या राजेशने एकदा, फक्त एकदा, मास्तर तुमची एक तार उतरलीय वाटतं, असं म्हटलं होतं. त्यानंतर अख्खा मोसम त्याला ढोलकीऐवजी खुळखुळा दिला होता. एवढा दणकट माणूस, मिरवणुकीत खुळखुळा वाजवत चालायचा, आणि त्याची पोरं गॅलरीतून बघायची.

सुरुचीला राग आला, तो कुशाबांचा कमी आणि या सगळ्या गप्प बसणाऱ्यांचा जास्त. आणि रागाखाली रडू होतं. गप्प बसावं तर भुणभुण जायची नाही आणि आपण घरी. बोलावं, तर चार लोकांत म्हाताऱ्याची मान खाली जाणार, आणि मग आपण टेम्पोवर उभं राहिलो तरी त्यात कसली मजा? तिला नुसतं टेम्पोवर चढायचं नव्हतं, त्यांच्या शेजारी उभं राहायचं होतं. ती हे सगळं स्वप्नीलला सांगत होती, पण ऐकत होत्या शांताबाई, ओट्याशी पाठमोऱ्या. त्यांनी गॅस बारीक केला.

"त्यांका सांगाक जाव नको," त्या म्हणाल्या. "त्यांचा त्यांका ऐकांदे. पण चार मान्सांत नको."

आणि रात्री जेवताना त्यांनी नवऱ्याच्या पानात भाकरी वाढत सहज विषय काढला की पोरीने पिकअपचे दोन सेट आणलेत, तिला बापडीला कळत नाही कुठला ठेवावा, कानाचं माणूस एखादं असतं तर बरं झालं असतं. कुशाबा घास थांबवून म्हणाले, मग मी काय मेलोय? शनिवारी गंगुबाईच्या डंकावर यायचं त्यांनी स्वतःच ठरवलं. आणि बेंजो बरोबर घ्यायचंही स्वतःच ठरवलं, कारण स्वच्छ आवाज म्हणजे काय ते पोरीला शेजारी ठेवून दाखवल्याशिवाय कळणार कसं? शांताबाई 'होय तर' म्हणाल्या आणि आणखी भाकरी वाढली. असल्या बायका दिल्लीत का नाहीत कोण जाणे.

शनिवारी दुपारी डंकावर गिऱ्हाईक कमी होतं. कुशाबा कडक इस्त्रीचा शर्ट घालून, बेंजो शालीत गुंडाळून, देव नेतात तसा घेऊन आले. आधी सुरुचीने वाजवलं, जाड्यावर. कुशाबांनी नाक मुरडलं. मग पट्टीवाल्यावर. ती वाजवत गेली तशी त्यांची बोटं गुडघ्यावर हलायला लागली. तिने हात ठेवला, सूर थांबला, आणि फक्त डंकाची धडधड उरली. कुशाबांनी अ‍ॅम्प्लिफायरला कान लावला. परत लावला. भुणभुण गेली कुठे, असं त्यांनी जरा संशयानेच विचारलं. सुरुची म्हणाली की पिकअप बदलले ना, बाबा. मग तालमीत कशी होती? यावर तिने गिटार उतरवून मिरच्यांच्या पोत्याला टेकवली.

त्यांनी वायर गिटारमधून काढली आणि बेंजोला लावली. अजून बोट तारेला लागलंही नव्हतं. अ‍ॅम्प्लिफायर असा काही गर्जला की कोपऱ्यातलं मांजर उठून रस्त्यावर गेलं.

कुशाबांनी सवयीने झटकन गिटारकडे बघितलं. गिटार मिरच्यांच्या पोत्याला टेकून उभी होती, तिला वायरच नव्हती. त्यांनी गंगुबाईला डंक बंद करायला सांगितलं. मुसळं थांबली, गर्जना खाली आली. चालू करायला सांगितलं. गर्जना वर गेली. पुन्हा बंद, पुन्हा चालू. गंगुबाई काहीतरी बोलायला तोंड उघडणार तोच शांताबाईंनी तिला मिरच्यांचा भाव विचारला, आणि तो इतका सविस्तर विचारला की ती गुंतली.

कुशाबा धण्याच्या पोत्यावर बसले. शाल हातात तशीच. सुरुचीने त्यांना असं बसलेलं कधी बघितलं नव्हतं. एकदम वय झालेला माणूस दिसायला लागला. नको होतं आणायला, असं तिला वाटलं. खुळखुळा दिला असता तरी चाललं असतं, पण हे नको होतं.

शालीची घडी घालत त्यांनी विचारलं, कधीपासून?

"भोंगे होते तोवर ऐकूच यायचं नाही, बाबा," ती म्हणाली. "तुम्हाला कसं कळणार? कुणालाच कळलं नसतं."

हे निम्मं खरं होतं आणि निम्मं तिने आपल्या पदरचं घातलं होतं. कुशाबांनी तिच्याकडे पाहिलं. कानाचा माणूस तो, किती खरं आणि किती पदरचं हे त्यांना कळलं असणार. मग त्यांना शिंक आली. मग दुसरी, तिसरी, आणि चौथ्या शिंकेला ते हसायला लागले, आधी बारीक, मग पोट धरून. शांताबाई हसायला लागल्या, गंगुबाई कशाला हसायचं ते न कळता हसायला लागली, आणि सुरुचीच्या डोळ्यांतून पाणी आलं ते सगळं काही मिरच्यांचं नव्हतं.

हसणं ओसरल्यावर त्यांनी गिटार मांडीवर घेतली. घरात आल्यापासून पहिल्यांदाच. पट्टीवाल्या पिकअपवरून बोट फिरवलं. खिळे नाहीत, सलग पट्टी. म्हणजे बेंजोच्या गर्दीने बसलेल्या ताराही यावरून जाऊ शकतील, हे त्यांच्या लगेच ध्यानात आलं.

"तुका तीनय व्हयेत?" त्यांनी विचारलं.

तिन्ही पिकअप हवेतच का, हा प्रश्न सुरुचीला कळला. "दोनवर भागतं," ती म्हणाली.

"मग मधलो माका दी."

पुष्करला फोन केला तेव्हा तो आधी तयारच होईना. सेट फोडायचा नाही म्हणजे नाही. सुरुचीने त्याला समजावलं की फुटत नाहीये, घरातच राहतोय, फक्त दोन खोल्यांत. रविवारी सकाळी तो अवजारांची पेटी घेऊन काळाचौकीला आला. उघडायच्या आधी कुशाबांनी बेंजोला हळद-कुंकू वाहिलं, नमस्कार केला, आणि मग पुष्करच्या खांद्यावरून इतकं वाकून बघत बसले की त्या बिचाऱ्याला सोल्डरिंग करताना दोनदा सांगावं लागलं, काका, उजेड. जुना पिकअप निघाला तो गंजाने लाल झालेला. कुशाबांनी तो हातात घेऊन वजन केल्यासारखा तोलला आणि देवघरात नेऊन ठेवला. मधला पिकअप बेंजोत बसला. गिटारच्या मधल्या भोकात पुष्करने तिचाच जुना एक पिकअप नुसता दिसायला अडकवून दिला, वायर न जोडता, आणि जाताना शांताबाईंच्या आग्रहाने वडे-सागुती नाही म्हणून वडे-उसळ खाऊन गेला, श्रावण होता ना.

संध्याकाळी शेडमध्ये तालीम. पहिलं गाणं संपलं आणि कुशाबांनी हात वर केला. सगळे थांबले. स्पीकर चालू, दिवे चालू, आणि आवाज नाही. शेजारच्या चाळीतल्या कुकरची शिट्टी ऐकू आली. पथकात चुळबुळ झाली. कुणी कुणाकडे बघेना. राजेशच शेवटी, खुळखुळ्याचा धसका घेतलेला माणूस, अगदी सांभाळून म्हणाला की वहिनींनी गिटार चांगली करून आणली हां मास्तर, गेली भुणभुण.

सुरुची बघत राहिली. दोष गिटारचाच होता, एवढं तिने अंगावर घेतलं की विषय संपत होता. कुशाबांनी नुसती मान हलवली असती तरी सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला असता, आणि तिनेही. तिने तर मनातल्या मनात ते वाक्य स्वीकारूनही टाकलं होतं.

"गिटार बुधवारीच बरी झालेली," कुशाबा म्हणाले. "भुणभुण माझ्या बेंजोची होती. तुम्हा सगळ्यांना ठाऊक होती आणि एकाने सांगितलं नाही, लाज नाय वाटत?"

आणि मग सगळ्यांना अशा काही शिव्या घातल्या की पथकाचा जीव भांड्यात पडला. मास्तर जागेवर होते.

आगमनाच्या दिवशी परळला कारखान्याबाहेर मुंगीला वाट नव्हती. सुरुचीने शेवटी साडी नेसली होती आणि पदर खोचून टेम्पोवर उभी होती, कुशाबांच्या उजव्या हाताला. पडद्याआड मूर्ती तयार होती. अशा वेळी पहिला सूर एकट्या बेंजोचा असतो. मूर्ती उंबऱ्याबाहेर येते तेव्हा पहिल्या दोन ओळी कुशाबा एकटे वाजवतात आणि मग बाकीचे तुटून पडतात. हे इतकी वर्षं चालत आलेलं, तालमीत त्याबद्दल कुणी बोलतसुद्धा नाही.

पडदा सरला. कुशाबांनी पहिली ओळ घेतली, स्वच्छ, पाण्यासारखी, आणि गर्दीतून एकच हुंकार उठला. ओळ संपली. आणि त्यांनी हात तारांवरून उचलला, खिशातून रुमाल काढला आणि निवांत कपाळ पुसायला लागले.

स्वप्नीलच्या हातातल्या काड्या हवेत राहिल्या. राजेशने वर बघितलं. मूर्ती उंबऱ्यात, एवढा जनसमुदाय श्वास रोखून, आणि मास्तर घाम पुसतायत. सुरुचीने त्यांच्याकडे वळून पाहिलं. ते तिच्याकडे बघत नव्हते, समोर गणपतीकडे बघत होते, आणि रुमालाआडून हलक्या आवाजात एवढंच म्हणाले, "वाजव गो बाय, देव खोळंबलोहा."

तिने दुसरी ओळ वाजवली. सूर टणकन उठला आणि समोरच्या इमारतीवर आपटून परत आला. गर्दी उसळली. तिसऱ्या ओळीला बेंजो तिच्यात मिसळला, ढोलकी पडली, स्वप्नीलच्या काड्या पडल्या, आणि टेम्पो हलला. लालबागच्या पुलापर्यंत ती दोघं एकमेकांच्या तोंडातून ओळी काढून घेत वाजवत गेली. फुटपाथवरून चालणाऱ्या शांताबाई नंतर सगळ्या चाळीला सांगत होत्या, की लांबून ऐकताना यातला सासरा कुठला आणि सून कुठली ते त्यांनाही सांगता येईना.